प्राणिगृह वाढवायचे म्हणजे नेमके काय वाढवायचे?

प्रयोगशाळेतील उंदरांच्या निगेविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यानंतर बडोद्याहून आलेली सहा पत्रे एकाच विषयाची निघाली. तेथील एका विद्यापीठात उंदरांसाठीचे प्राणिगृह वाढवण्याचा विचार चालू आहे आणि पत्रलेखक या ना त्या नात्याने त्या कामाशी जोडलेले आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची व संस्थेची नावे छापलेली नाहीत. मराठीत ‘उंदीर’ म्हटले की लहान चणीचा माउस आणि मोठ्या चणीचा रॅट दोन्ही आले. जेथे दोहोंतील फरक महत्त्वाचा आहे, तेथे प्राणिगृहात रूढ असलेले हेच शब्द वापरले आहेत.

प्रश्न : आमच्या प्राणिगृहात आज माउसचे ४०० पिंजरे आहेत. नवे संशोधन प्रकल्प मंजूर झाल्यामुळे दोन वर्षांत १००० पिंजऱ्यांची सोय करायची आहे. पुरवठादाराचे म्हणणे असे, की आहेत त्याच खोल्यांत अधिक उंचीच्या रॅक बसवल्या की काम झाले. समितीत मी एकटीच साशंक आहे. माझी शंका रास्त आहे का? — एक प्राध्यापिका, फत्तेगंज

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे, आणि समितीत ती आग्रहाने मांडावी असे मला वाटते. रॅक हा या कामातील सर्वांत सोपा आणि सर्वांत शेवटी घ्यायचा निर्णय आहे. पिंजऱ्यात प्राणी ठेवला की त्याच्याबरोबर त्याची उष्णता, त्याच्या श्वासातील व मुतातील ओलावा, अमोनिया, रोजचे खाद्य-पाणी आणि दर आठवड्याचा घाण भुसा हे सारे त्या खोलीत येते. खोली हे सारे पेलू शकते का, हा खरा प्रश्न आहे.

हवेपासून सुरुवात करू. आपल्याकडील नियामक समितीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्राण्यांच्या खोलीतील हवा तासाला १२ ते १५ वेळा बदलली गेली पाहिजे. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी खोली धरली, तर तिच्यात ९० घनमीटर हवा मावते. ती तासाला १५ वेळा बदलायची म्हणजे दर तासाला १३५० घनमीटर ताजी हवा आत आणायची. बडोद्यात मे महिन्यात बाहेरची हवा ४२-४३ अंशांवर असते आणि आपल्याला ती २२-२३ अंशांवर हवी असते. जुलैत तापमान उतरते, पण हवेतील पाणी काढून टाकावे लागते, कारण आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांच्या आत राखायची असते. भिंतीवर लावायचे घरगुती एअर कंडिशनर आतलीच हवा फिरवून गार करतात, त्यांतून ताजी हवा येत नाही. खोली गार लागते आणि अमोनिया मात्र साठत जातो. माणसाच्या नाकाला वास येण्याइतका अमोनिया झाला, की पिंजऱ्याच्या तळाशी चोवीस तास नाक असलेल्या प्राण्याची श्वासनलिका केव्हाच चुरचुरू लागलेली असते. म्हणून रॅकच्या आधी वातानुकूलन अभियंत्याला बोलावून आजची यंत्रणा प्रत्यक्षात किती हवा देते हे मोजून घ्यावे, जुन्या नकाशावर लिहिलेला आकडा प्रमाण मानू नये.

हवापुरवठ्याची स्वतंत्र जोडणी असलेल्या पिंजऱ्यांच्या रॅक, ज्यांना सगळे आयव्हीसी म्हणतात, त्या घेतल्या तर प्रत्येक पिंजऱ्यात गाळलेली हवा थेट जाते, अमोनिया कमी राहतो, भुसा आठवड्याऐवजी साधारण दोन आठवड्यांनी बदलला तरी चालतो आणि एका पिंजऱ्यातला संसर्ग शेजारच्यात सहजी जात नाही. त्याच खोलीत अधिक पिंजरे ठेवण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे. मात्र अशा पिंजऱ्याचे झाकण घट्ट असल्याने आतल्या प्राण्याचा श्वास पंख्यावर अवलंबून राहतो, आणि पंखा विजेवर.

जागेचे माप पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून घेऊ नये. २५ ग्रॅमपर्यंतच्या माउसला सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर आणि त्याहून जड असलेल्याला सुमारे ९७ चौरस सेंटिमीटर तळ लागतो, म्हणजे साधारण ५०० चौरस सेंटिमीटर तळाच्या पिंजऱ्यात वाढलेले पाच माउस बसतात, सहावा बसत नाही. व्यायलेल्या मादीला पिल्लांसह याच्या बऱ्याच मोठ्या भागाची गरज असते, त्यामुळे प्रजननाच्या पिंजऱ्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

यानंतर धुण्याची जागा येते, आणि बहुतेक योजना येथेच अडतात. १००० साधे पिंजरे आठवड्याला एकदा बदलायचे म्हटले आणि एका पिंजऱ्याला तीन मिनिटे धरली, तर नुसत्या बदलण्यालाच ५० तास लागतात. धुणे, बाटल्या भरणे, भुसा भरून ऑटोक्लेव्ह करणे, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणे, हे त्यावर. वापरातल्या प्रत्येक पिंजऱ्यामागे धुऊन तयार ठेवलेला दुसरा पिंजरा लागतो, तो कोठे ठेवणार? यंत्राने धुताना पाणी ८२ अंशांच्या आसपास तापवावे लागते. घाण पिंजरे ज्या वाटेने जातात त्या वाटेने स्वच्छ पिंजरे परत येता कामा नयेत. नवे प्राणी आले की त्यांना वेगळ्या खोलीत काही आठवडे ठेवून तपासावे लागते, नाहीतर माउस हिपॅटायटिस विषाणू किंवा सूत्रकृमी एका खोक्यातून येतात आणि सगळ्या वसाहतीत पसरतात. या सगळ्या खोल्या वाढीव ६०० पिंजऱ्यांच्या प्रमाणात वाढवायच्या नसतील, तर ते पिंजरे घेऊ नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन.

प्रकाशाची एक बाब पुरवठादार सांगत नाहीत. रॅक उंच झाली की वरचा कप्पा दिव्याच्या अगदी जवळ जातो आणि खालचा अंधारात राहतो. पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसते, त्यामुळे सततच्या प्रखर प्रकाशाने त्यांच्या दृष्टिपटलाला इजा होते. वरच्या कप्प्यातला प्राणी आणि खालच्या कप्प्यातला प्राणी वेगळ्या परिस्थितीत जगत असतील, तर प्रयोगाचे निष्कर्षही वेगळे येतील.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता आहे व विद्यापीठाच्या बांधकाम समितीला सल्ला देतो. नव्या इमारतीचे तळघर मोकळे आहे. तेथे अंधार आहे, गारवा आहे, वर्दळ नाही. उंदरांसाठी ही जागा उत्तम नाही का? — एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : साहेब, आपण सांगितलेले तिन्ही गुण खरे आहेत आणि जगभरच्या संस्थांनी याच कारणांसाठी प्राणिगृहे तळघरांत बांधली. त्याचे काय झाले, तेही आपण पाहावे.

जून २००१ मध्ये ॲलिसन नावाच्या उष्णकटिबंधीय वादळाचा पाऊस अमेरिकेतील ह्यूस्टन शहरावर कोसळला. बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळघरातील सुमारे ३० हजार उंदीर बुडून मेले. त्याच वैद्यकीय परिसरात टेक्सास विद्यापीठाच्या तळघरातील माकडे, कुत्रे आणि ससेही वाचले नाहीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यू यॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रातील तळमजल्याखालचे प्राणिगृह पाण्याखाली गेले व हजारो माउस दगावले. त्यांत वर्षानुवर्षे जोपासलेल्या, अन्यत्र कोठेही नसलेल्या जाती होत्या. त्याच रात्री लगतच्या रुग्णालयाची पर्यायी वीज बंद पडून रुग्णांना जिन्यांवरून खाली आणावे लागले. पिंजऱ्यातला प्राणी पळू शकत नाही. पाणी शिरल्यावर त्याच्याकडे पोहोचण्याची वाटही तळघरात उरत नाही.

आता आपल्या गावाकडे पाहू. पावागडाकडून येणारी विश्वामित्री बडोद्याच्या मध्यातून वाहते आणि विद्यापीठाचा बराचसा परिसर तिच्यापासून दूर नाही. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात शहरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तर नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांपलीकडे मजल मारली, सयाजीगंज, फत्तेगंज, कारेलीबाग, समा, अकोटा या भागांत पाणी शिरले, काही वस्त्यांत ते दिवसेंदिवस ओसरले नाही आणि नदीतल्या मगरी घरांच्या अंगणांत आल्या. आपण ते दिवस पाहिले आहेत. त्या पाण्यात ज्या इमारतींचे तळमजले बुडाले, त्यांच्या तळघरात एक हजार पिंजरे असते तर त्यांचे काय झाले असते, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्राणी पहिल्या मजल्यावर किंवा त्याच्या वर असावेत. तेवढ्याने भागत नाही. जनरेटर, त्याची इंधनाची टाकी, इंधन वर चढवणारा पंप, विजेचे मुख्य फलक आणि पाण्याचा पंप हे सारे २०२४ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंच असले पाहिजे. प्राणी चौथ्या मजल्यावर आणि इंधनाचा पंप तळघरात, अशी इमारत पुरात तळघरातल्या प्राणिगृहाइतकीच असहाय असते. खाद्याचा, भुशाचा आणि पिण्याच्या पाण्याचा किमान एका आठवड्याचा साठा त्याच मजल्यावर ठेवावा; शहर पाण्यात असताना दुकाने आणि रस्ते दोन्ही बंद असतात. परिचरांपैकी दोघांना इमारतीतच राहता येईल अशी खोली, स्वयंपाकाची सोय आणि स्नानगृह नकाशात आत्ताच दाखवावे.

वरच्या मजल्यावर दोन गोष्टी नव्याने सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे भार : पाण्याच्या बाटल्यांसह भरलेल्या रॅक, ऑटोक्लेव्ह आणि धुलाई यंत्र यांचे वजन साध्या वर्गखोलीच्या छताला पेलेल असे गृहीत धरू नये. हे आपले क्षेत्र आहे. दुसरी म्हणजे कंपने आणि आवाज. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माउसला मात्र ८० किलोहर्ट्झच्याही पुढचे ऐकू येतात, त्यामुळे आपल्याला शांत वाटणारी खोली त्याच्यासाठी गोंगाटाची असू शकते; सदोष ट्यूबलाइट किंवा टिपटिपणारा नळसुद्धा पुरतो. शेजारी ड्रिल चालू असेल तर मादी गर्भ धरत नाही, धरला तर व्यायल्यावर पिल्ले खाऊन टाकते. म्हणून नव्या खोल्यांचे बांधकाम चालू असताना प्रजननाच्या जोड्या इमारतीच्या दुसऱ्या टोकाला हलवाव्यात. नवरात्रात नऊ रात्री ध्वनिवर्धक लागणाऱ्या गरब्याच्या मैदानाकडे प्राणिगृहाची बाजू येणार नाही, हेही नकाशा काढतानाच पाहावे.

विजेविषयी एक अनुभव सांगतो. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत, मे महिन्यातल्या एका रविवारी रात्री, मी ज्या संस्थेत होतो तेथील वातानुकूलन यंत्र बंद पडले. वीज होती, दिवे लागलेले होते, त्यामुळे पहारेकऱ्याला काही कळले नाही. सकाळी दार उघडले तेव्हा वरच्या दोन कप्प्यांतले सगळे रॅट पोटावर आडवे पसरून मेलेले होते आणि त्यांच्या मानेखालची लव ओली होती. रॅटला घाम येत नाही. फार तापले की ते स्वतःची लाळ अंगाला चोपडून अंग गार करू पाहतात. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या. त्या दिवसापासून माझा आग्रह असतो, की तापमापक खोलीत असला तरी त्याची घंटा माणसाच्या खिशात वाजली पाहिजे, आणि तो माणूस कोण हे रविवारसाठी आणि सणासाठीही लिहून ठेवलेले असले पाहिजे.

प्रश्न : मी पीएचडीची विद्यार्थिनी आहे. माझ्या कामासाठी जनुकीय बदल केलेल्या माउसच्या दोन जाती लागतात. मला दिलेले ४० पिंजरे भरून गेले आहेत आणि प्रयोगाला प्राणी मात्र पुरत नाहीत. प्राणिगृह वाढेपर्यंत मी काय करू? — एक वाचक, रावपुरा

उत्तर : बाळ, तुझ्या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे. पिंजरे भरलेले आहेत आणि प्राणी पुरत नाहीत, याचा अर्थ पिंजऱ्यांत नको असलेले प्राणी बसले आहेत.

माउसची मादी १९ ते २१ दिवसांत विते, व्यायल्यावर एका दिवसाच्या आत ती पुन्हा गर्भ धरू शकते आणि पिल्लांचे दूध २१ व्या दिवशी तुटते. एक जोडी सहा महिन्यांत सहा वेळा व्याली आणि दर वेळी सात पिल्ले जगली असे धरले, तर ४२ पिल्ले होतात. नर-मादी वेगळे करायचे म्हणजे प्रत्येक विणीला दोन पिंजरे, एकूण बारा. तू दहा जोड्या ‘असू देत’ म्हणून ठेवल्या असशील, तर चाळीस पिंजरे कोठे गेले ते तुझे तुलाच दिसेल.

जनुकीय हिशेब याहून महत्त्वाचा आहे. बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेले नर-मादी एकत्र ठेवले, तर चार पिल्लांत सरासरी एकाच पिल्लात दोन्ही प्रती येतात. दोन जनुकांसाठी एकाच वेळी असे केले आणि ती जनुके एकमेकांशी जोडलेली नसली, तर सोळांत एक. उरलेली पंधरा पिल्ले जन्माला घालायची, वाढवायची आणि मग मारायची, हे करण्यापूर्वी दोन्ही प्रती असलेले प्राणी निरोगी राहतात का व प्रजननक्षम असतात का हे तुझ्या मार्गदर्शकांना विचार; तसे असतील तर त्यांचीच जोडी लावावी म्हणजे प्रत्येक पिल्लू उपयोगी पडते. शेपटीचा किंवा कानाचा लहानसा नमुना दूध तुटण्याच्या सुमारास घेऊन जनुकतपासणीचा निकाल आठवड्यात मिळव. निकाल महिनाभर रखडला तर सगळी पिल्ले महिनाभर पिंजरे अडवून बसतात.

जी जात पुढच्या वर्षभरात लागणार नाही, तिचे भ्रूण किंवा शुक्राणू द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर साठवता येतात. माउसचे भ्रूण गोठवून पुन्हा जिवंत पिल्ले मिळवण्यात १९७२ मध्ये यश आले आणि आज ही नित्याची पद्धत आहे. आपल्या संस्थेत सोय नसेल तर ज्या संस्थेत आहे तिच्याकडे पाठवण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मागावा. तीस पिंजऱ्यांची जात एका नळीत मावते, आणि पूर किंवा साथ आली तरी ती बुडत नाही.

प्राध्यापिकाबाईंच्या १००० पिंजऱ्यांच्या हिशेबालाही हे लागू आहे. विस्ताराचा अर्ज लिहिण्याआधी आजच्या ४०० पिंजऱ्यांची मोजदाद करावी : प्रत्येक पिंजऱ्यात कोण आहे, कोणत्या मंजूर प्रयोगासाठी आहे, किती दिवसांपासून आहे. प्रयोग संपलेल्या विद्यार्थ्यांचे म्हातारे नर वर्षभर तसेच बसलेले मी अनेकदा पाहिले आहेत, कारण त्यांचे काय करायचे हा निर्णय कोणाचाच नव्हता. अशी मोजदाद झाल्यावर १००० हा आकडा तसाच राहील असे मला वाटत नाही.

प्रश्न : प्राणिगृह आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून वाढणार आहे. वास, घाण आणि पळालेले उंदीर यांची आम्हाला काळजी वाटते. — सोसायटीतील एक रहिवासी

उत्तर : काळजी योग्य आहे, पण तिचे निवारण करता येते. बाहेर सोडली जाणारी हवा छतावरून, आपल्या खिडक्यांच्या उलट दिशेला सोडण्याची मागणी लेखी करावी. मेलेल्या प्राण्यांचे अवशेष २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीतून अधिकृत वाहनाने जायचे असतात, ते महापालिकेच्या कचरापेटीत कधीही येता कामा नयेत. आतले पांढरे उंदीर बाहेर फारसे जगत नाहीत. प्राणिगृहालाच बाहेरच्या उंदरांची भीती अधिक असते, कारण ते रोग आत आणतात; त्यामुळे दारांचे उंच उंबरठे आणि जाळ्या बसवण्यात संस्थेचे हितही तितकेच आहे.

प्रश्न : प्राणिगृह वाढवण्यापेक्षा ते बंदच का करू नये? मुक्या जिवांवर प्रयोग करण्याची आज गरज काय? — एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात म्हणून मी आभारी आहे. आयुष्यभर या प्राण्यांजवळ राहिल्यामुळे तो मला परका नाही. जेथे पर्याय आहे तेथे प्राणी वापरू नये, ही गोष्ट आता निव्वळ दयेवर सोडलेली नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राने या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमली आहे आणि १९९८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेला नोंदणी करून स्वतःची नीतिसमिती ठेवावी लागते. तिच्यात पशुवैद्यक, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरची सामाजिक भान असलेली व्यक्ती आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असावा लागतो. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्यांसाठी प्राणी वापरण्यावर आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे. २०२३ मध्ये औषधचाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, मानवी ऊतींपासून केलेली लहान अवयवसदृश रचना व संगणकीय प्रारूपे यांनाही स्थान मिळाले.

तरीही संपूर्ण शरीरात औषध कसे वागते, गर्भावर काय परिणाम होतो, मेंदू आणि प्रतिकारशक्ती एकमेकांशी कशी बोलतात, हे पेशींच्या बशीत अजून पूर्ण दिसत नाही. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, मला आजही सर्वांत प्रामाणिक वाट वाटते. याच न्यायाने विस्ताराच्या प्रत्येक योजनेत एक रक्कम पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेसाठी वेगळी काढलेली असावी, आणि आपल्यासारख्या नागरिकांनी ती आहे की नाही हे विचारावे. उरलेल्या प्राण्यांना निदान ऊब मिळावी. माउसला ३० अंशांच्या आसपास बरे वाटते आणि आपण त्याला आपल्या सोयीच्या २२ अंशांवर ठेवतो. घरटे करायला मूठभर कागदाच्या पट्ट्या किंवा कापूस दिला तर तो रात्रभरात त्याचा गोल घुमट करून आत झोपतो. याला पैसा जवळजवळ लागत नाही.

प्रश्न : माझे बाबा प्राणिगृहात परिचर आहेत. दोन वर्षांपासून त्यांना कामावर गेले की शिंका येतात, डोळ्यांना पाणी येते. आता पिंजरे अडीचपट होणार म्हणतात. त्यांनी हे काम सोडावे का? — एक मुलगी, वाडी

उत्तर : ताई, तुझ्या बाबांना बहुधा उंदरांच्या मुताची ॲलर्जी झाली आहे. उंदरांच्या, विशेषतः नरांच्या, मुतात प्रथिने असतात. भुसा वाळला की ती धुळीबरोबर हवेत उडतात. प्राणिगृहात काम करणाऱ्यांना हा त्रास नेहमी होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांतच सुरू होतो. तो सर्दी म्हणून अंगावर काढू नये, कारण पुढे त्याचा दमा होऊ शकतो.

घाण भुसा पिशवीत ओतण्याचा क्षण सर्वांत वाईट असतो. ते काम हवा आत ओढून घेणाऱ्या बंद टेबलावर व्हायला हवे, आणि विस्ताराच्या यादीत असे टेबल नसेल तर ते मागण्याचा बाबांना पूर्ण हक्क आहे. कापडी किंवा साधा शस्त्रक्रियेचा मास्क येथे पुरेसा नाही. चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ लागतो. कामाचे कपडे तेथेच बदलावेत आणि संस्थेनेच धुवावेत, ते घरी आणू नयेत, म्हणजे तुझ्या श्वासातही ती धूळ येणार नाही.

छातीरोगतज्ज्ञांकडे श्वासाची तपासणी करून घ्या आणि तिची प्रत प्राणिगृहाच्या पशुवैद्यकांना व नीतिसमितीला द्या. शिंका आणि डोळ्यांपुरता त्रास असेल, तर बाबांना खाद्याच्या कोठारात किंवा धुऊन झालेल्या पिंजऱ्यांच्या बाजूला काम देता येते, त्यांची नोकरी जायचे कारण नाही. रात्री खोकला येत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर मात्र नव्या रॅकची वाट पाहू नका. तपासणी होईपर्यंत त्यांनी प्राण्यांच्या खोलीत जाऊ नये, आणि तसे लेखी पत्र उद्याच द्यावे.